गाळलेला प्रसंग

बिडीच्या तंबाखूचा वास आला की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. सोलापुरात आमच्या शेजारच्या मावशी दुपारी दारात बसून बिड्या वळायच्या आणि मी त्यांना मोबाईलवरची कादंबरी वाचून दाखवायचे. एकदा त्यात नवराबायकोच्या जवळिकीचा प्रसंग आला. मी लाजून तो गाळला. "मधलं का सोडलंस? वाच की," मावशी म्हणाल्या. मग मी दबक्या आवाजात वाचलं. नायिका नवऱ्याचा हात धरून त्याला म्हणते, घाई नको, मला आवडेल तसं कर. मावशींचे हात थांबले. "बाईनं असं सांगायचं असतंय व्हय? मग त्यानं काय केलं?" मी म्हणाले, "ऐकलं त्यानं." त्यांनी हातातली अर्धवट बिडी सुपात ठेवली. मग म्हणाल्या, "तीस वर्सं झाली लग्नाला, पन मला काय आवडतंय ते मलाच म्हाईत न्हाय बघ. परत वाच, जरा मोठ्यानं." मी परत वाचलं, या वेळी न अडखळता. त्याच आठवड्यात मी नवऱ्याला पहिल्यांदा माझ्या मनातलं सांगितलं आणि त्यानंही ऐकलं. मावशींनी घरी काही सांगितलं का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. जाणून घ्यायची उत्सुकता मात्र अजून आहे.