तीन ऊन, एक गार

कबरी कोंबडी कापायची की नाही, हा प्रश्न माझ्या मामांच्या घरात चार दिवस चालला. त्या चार दिवसांत खुराडे साफ झाले, अंडी घालायला नव्या जागा मांडल्या गेल्या आणि मामांना आपले सणा-बाजाराचे एकुलते पागोटे काही काळ गमवावे लागले. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

मामांचे गाव वलगावाजवळ. कापसाला चढता भाव होता ती वर्षे. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली आहे आणि तिकडचा कापूस बंद पडला आहे, एवढे गावात ठाऊक होते. लढाई कोणाची कोणाशी, याबद्दल पारावर रोज नवी माहिती मिळे. अमरावतीच्या बाजारात नेण्याआधी कापूस घरात साठवत. मामांच्या माजघरात तो आढ्याला टेकला होता. देवांपुढे निरांजन नेण्याची भीती वाटे, म्हणून मामी ते ओसरीवर लावून देवांना लांबूनच दाखवत. मी वेचणीच्या मदतीला म्हणून त्या हंगामात तिथे होतो. पुढे माझे आयुष्य छापखान्यात बातम्या लिहिण्यात गेले. तेव्हा पाहिले ते पाहिले तसे सांगतो.

मामांच्या मुलीचे सासरे अकोल्याहून चार दिवसांनी येणार, असा निरोप आला. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. निरोप ऐकताच मामा ओसरीवरून म्हणाले, "कबरी कापू. आठ दिस झाले, एक अंडं नाई. फुकटची जवारी खाऊन राहिली."

मामी चुलीपासून उठून बाहेर आल्या. कबरी पिल्लू असताना त्यांनी तिला मांजराच्या तोंडातून सोडवली होती. त्या झटापटीत इजा झाली ती मांजराला.

"त्या खुराड्यात तुमी बसून पाहा एक दिस," मामी म्हणाल्या. "मंग सांगा, अंडं होते का."

"मले कावून होईन वो अंडं?"

"तेच म्हणते मी. जागाच धड नसन, त कोनाले होईन?"

बोलणे वाढत गेले. शेवटी मामांनी खांद्यावरचे उपरणे काढले. बाजारात दलाल आणि शेतकरी भाव ठरवतात तो असाच. हातांवर उपरणे टाकायचे, आत एकमेकांची बोटे धरायची. जितकी बोटे तितका भाव, आणि तोंडाने अक्षर काढायचे नाही. त्या वर्षी ही सवय बाजाराबाहेर पसरली होती. न्हाव्याशी, शेळी विकणाऱ्याशी, इतकेच काय गुरवाशीही लोक उपरण्याखाली बोलत. मामांनी मामींचा हात उपरण्याखाली घेतला आणि, हे पुढे कळले, त्यांची चार बोटे दाबली. मामींनी मान हलवली. मामांनीही हलवली. सौदा झाला. साक्षीदार मी एकटा, आणि मला फक्त उपरणे दिसले.

खुराडे कमरेइतके उंच होते. भिंती मातीच्या, वर तुराट्यांचे छप्पर, आणि दार इतके लहान की रांगतच आत जावे लागे. खुरपे घेऊन मी आत गेलो. आतला थर माझ्याही वयाचा असावा. सात टोपली उकिरड्यावर टाकल्यावर जमीन लागली. थरात मामींची एक पळी, बांगड्यांचे तुकडे आणि मामांची चुन्याची पितळी डबी सापडली. ही डबी माझ्या वडिलांनी नेली असे मामा दसऱ्यापासून मानत होते आणि त्यावरून दोन्ही घरांत बोलणे तुटले होते. मी डबी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, बंद केली आणि म्हणाले, "तुया बापानंच तिथं टाकली असन."

मग आत कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. कोंबड्यांच्या उवा बाहेर पडल्या आणि माझ्या दोन्ही हातांवरून खांद्यापर्यंत चढल्या. मामींनी मला अंगणात उभे करून माझ्या अंगावर राख उधळली. भिंतींना चुना दिला, खाली राख आणि वाळू पसरली. दुपारपर्यंत खुराडे घरापेक्षा स्वच्छ दिसू लागले. मामांनी आत डोके घालून पाहिले आणि इथे किती कापूस मावेल, असे विचारले.

अंडी घालण्याच्या जागांसाठी सुताराकडे गेलो. त्याच्या दारात मोडक्या आसांच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग होती. दोन महिने बंडीशिवाय कशालाही हात लावणार नाही, असे त्याने सांगितले. म्हणून मामींनी फुटका रांजण आडवा करून ठेवला, एक जुने टोपले ठेवले आणि मामांनी अमरावतीहून आणलेले बाटल्यांचे रिकामे लाकडी खोके ठेवले. आत घालायला त्यांनी ओंजळभर कापूस मागितला. मामांनी वेचणीच्या शेवटी राहतो तो डागी कापूससुद्धा दिला नाही. तिन्ही जागांत तुरीचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, भरले.

कोंबडीला जागा समजावी म्हणून घरट्यात एक अंडे राहू देण्याची रीत आहे. मामींनी त्याऐवजी नाल्यातून पांढरी, गुळगुळीत, अंड्याएवढी गार आणली. गार म्हणजे गारगोटीचा दगड. ती त्यांनी खोक्यात ठेवली. लांबून मलाही फरक कळला नाही. कोंबड्यालाही कळला नसावा. तो अर्धा तास तिच्यावर बसला होता.

दुसऱ्या दिवशी घरच्या बाकीच्या तिन्ही म्हाताऱ्या कोंबड्या एकदमच रांजणात शिरल्या आणि एकीच्या पाठीवर एक अशा बसल्या. टोपल्यात कोणी गेले नाही. कबरी खुराड्याकडे फिरकलीही नाही. सकाळी ती घरात शिरे आणि दुपारी ओरडत बाहेर येई. कापसाच्या ढिगामुळे आत ती कुठे जाते, हे पाहता येत नव्हते.

"दोन दिस गेले," मामी म्हणाल्या. "अजून दोन हायेत. होईन एखादं."

मामा जेवताना थांबले. "एखादं? चार ठरले हायेत."

"चार दिस ठरले."

"चार अंडे!"

"दिस!"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. बाजारात सौदा कशाचा, हे आधी मोठ्याने सांगतात आणि मगच हात झाकतात. घरात ते सांगायचे राहून गेले होते. मामींच्या मते चार दिवसांत एक अंडे झाले की कबरी वाचणार होती. मामांच्या मते चार अंडी लागणार होती. मी म्हणालो, मला उपरणेच दिसले. मामी म्हणाल्या, शिकून काय उपयोग झाला याचा?

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा राख टाकायला मी खुराड्यात गेलो. रांजणात तीन कोंबड्या होत्या. खोक्यातली गार जागेवर नव्हती. याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही.

थोड्याच वेळात इवायांची बैलांची दमणी दारात आली. ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी हातपाय धुतले, ओसरीवर टेकले. मामांनी विळा धार लावून चुलीजवळ ठेवलाच होता. पाहुण्यांपुढे उघड्या डोक्याने बसणे बरे नव्हे, म्हणून ते पागोटे घ्यायला माजघरात गेले. पागोटे वरच्या फळीवर असे. मामा कापसाच्या ढिगावर चढले, फळीवर हात घातला आणि मोठ्याने ओरडले.

आम्ही धावलो. मामा मांडीपर्यंत कापसात रुतले होते. त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होते. पागोट्याच्या मधल्या खळग्यात, पिसे फुलवून, कबरी बसली होती.

"खुडूक बसली," दारातून इवाई म्हणाले. "अंड्यावर हाय ते."

मामांनी त्यांना ओसरीवर परत बसवून सगळे प्रकरण सांगितले. मामींनीही सांगितले. दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकून इवाई म्हणाले, "हे पाहा. चार अंडे निंगले त दोघायचंबी खरं. मंग भांडन कायले? मोजा."

मामा अंगठा चोखत होते. आम्ही पुन्हा माजघरात गेलो आणि मामी ढिगावर चढल्या. त्यांनी एक हात पदराखाली घेतला आणि कबरीच्या पोटाखाली घातला. कबरीने त्यांना टोचले नाही. हात बराच वेळ आत होता. बाजारातल्या कोणत्याही सौद्याला मी इतका वेळ लागलेला पाहिला नव्हता.

"किती?" मामांनी विचारले.

"चार."

"सारे ऊन हायेत का?" इवायांनी विचारले.

मामींनी पुन्हा एकदा चाचपले. "तीन ऊन, एक गार," त्या म्हणाल्या.

"गार कावून?"

"कडेला हाय ते."

इवायांनी मान डोलावली. मामा ढिगावर चढले, लांबूनच कबरीच्या पंखाखाली डोकावले आणि खाली उतरून म्हणाले, "चार हायेत." विळा त्यांनी स्वतःच आत नेऊन टांगला. बसलेली जागा हलवली तर कोंबडी अंडी सोडते, म्हणून पागोट्याला हात लावायचा नाही असेही ठरले. हे मात्र मोठ्याने ठरले.

मग मामांनी इवायांची क्षमा मागितली. कोंबडीचा बेत होता, आता वांगे खावे लागेल, म्हणाले.

"कोंबडी?" इवाई म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडून दाखवले. आत फारसे काही नव्हते. "दात कुठं राह्यले बापा? मले त खिचडीच टाका. पातळ."

पुढचे तीन आठवडे मामा डोक्याला उपरणे गुंडाळून अमरावतीला जात होते. दलालांनी विचारले की पागोटे कामात आहे, असे सांगत. उपरणे डोक्यावर असल्यामुळे त्यांना सौद्यालाही दुसऱ्याचे मागावे लागे. एकविसाव्या दिवशी तीन पिल्ले निघाली. मामी त्यांना आणि कबरीला घेऊन साफ केलेल्या खुराड्यात गेल्या. मामा चौथ्याची वाट पाहत फळीखाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते अंडे उचलले, कानाला लावले, हलवले, आणि शेवटी पाट्याच्या कडेवर हलकेच आपटले. पाट्याचा टवका उडाला.

मामा ते तळहातावर घेऊन चुलीपाशी आले. "हे काय होय?"

"गार," भाकरी थापता थापता मामी म्हणाल्या. "मी त त्याच दिशी सांगतलं होतं. इवायासमोर."

मामांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी मी ऐकले होते, आणि तसे मला सांगावे लागले.

मामांनी पागोटे दोनदा धुऊन घेतले. ते घालून ते बाहेर पडले की कबरी खुराड्यातून निघे आणि त्यांच्या डोक्याकडे पाहत वेशीपर्यंत मागे मागे जाई.