लंडनचं लग्न, मुलुंडचं जेवण

कोणी नवा भेटला की आमच्या सोसायटीचे चेअरमन त्याचा हात हातात घ्यायचे आणि विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" समोरचा अजून काहीच म्हणालेला नसायचा. उत्तर पसंत पडलं तर हात दाबला जायचा. नाही तर ओल्या फडक्यासारखा सोडला जायचा. असला माणूस तुमच्याही इमारतीत असेलच. आमचा मुलुंडचा नमुना जरा वरच्या प्रतीचा होता, एवढंच.

मूळचे मालवणकडचे. पापलेट म्हणजे जीव की प्राण. पण कोळणीचा हात पिशवीला लागला, की घरी आल्यावर पिशवी धुतली जायची. मासळी चालायची, माणूस नाही.

अशा गृहस्थाच्या एकुलत्या एका मुलीने, नर्स होती ती, मढच्या कोळ्याच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा इंजिनिअर. रजिस्टर लग्नाची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागली आणि कोणीतरी यांच्या कानावर घातलं. झालं! पोरीला उचलून मामाकडे मालवणला नेऊन ठेवलं. जिन्यात मला म्हणाले, "मासे खाणं वेगळं हो, मासेवाल्यांत पोरगी देणं वेगळं." मी जिना उतरू लागलो. असल्यांशी बोलून आपलंच तोंड विटाळतं.

पोरगी परत आली, मुकाट नोकरीला लागली. मुलाला लंडनला नोकरी मिळाली, वर्षभराने तीही नर्सच्या नोकरीवर तिकडे गेली, आणि तिथल्या कचेरीत दोघांनी सह्या करून लग्न केलं. साक्षीदार कोण, तर घरमालकीण आणि तिचा भाऊ. नोटीस म्हणे तिथेही लागली होती. पण ती वाचायला मुलुंडहून कोण जाणार? तिच्या आईने माझ्या बायकोला गुपचूप फोटो दाखवला. साडीवर जाडजूड कोट, हातात पिवळी फुलं, दोघं थंडीने कुडकुडत हसतायत.

बातमी फुटल्यावर चेअरमन पाहावेत! "जावई लंडनला इंजिनिअर आहेत," जो भेटेल त्याला. मी मुद्दाम जावयांचं आडनाव विचारलं. म्हणाले, "तिकडे आडनाव कोण विचारतंय!"

दोघं सुट्टीवर आली, तेव्हा यांनी हॉल ठरवून पत्रिका वाटून टाकल्या होत्या. पोरगी ऐकेना, म्हणून समजूत घालायला मला वर बोलावलं.

"बाबा, आमचं लग्न झालंय."

"सह्या केल्या की लग्न होतं काय? चार लोकांत अक्षता पडायला हव्यात."

"पडू देत. याचे आईबाबा पुढच्या रांगेत बसतील."

"ते नकोत. त्यांना नंतर वेगळं जेवण घालू."

जावई उठला, चपला घालू लागला. पोरीचा आवाज चढला नाही. "तिकडे सह्या करताना त्याची आई नव्हती, तेवढंच मनाला लागून राहिलं होतं. आता इथे हॉल घेऊनही तिला बाहेरच बसवू?" दोघं मढला निघून गेली. मी कोणाचीच समजूत घातली नाही.

दुसऱ्या कोणी समारंभ रद्द केला असता. यांनी केला नाही. स्टेजवर दोन सजवलेल्या खुर्च्या रिकाम्या, आणि शेजारी सूट घालून हे. "विमान लेट झालंय!" मढला जायच्या आधी आठवडाभर ती दोघं सगळ्यांदेखत आमच्याच जिन्यावरून चढत-उतरत होती. लोक मान डोलवायचे, गुच्छ खुर्चीवर ठेवायचे आणि पंगतीकडे वळायचे. मीही दोन वाट्या श्रीखंड हाणलं, अगदी तुच्छतेने.

मी निघालो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "ही कुठे दिसली का हो?"

त्यांची बायको दुपारीच गेली होती. ओटीचं सामान घेऊन आमच्या दारात आली आणि "लेकीच्या सासरी चाललेय" म्हणून जिना उतरली होती. मी तसं सांगितलं.

त्यांच्या चेहऱ्यावरची पावडर घामाने ओघळत होती. "मढला? एकटी? कशी गेली?"

"मालाडहून बस आहे."

तेवढ्यात पुढचे पाहुणे आले. हे वळून हसले.

बाई काही लगेच परतल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात कामासाठी मालाडला गेलो होतो, तर मढच्या बसच्या रांगेत हे उभे. तोच सूट, हातात मिठाईचा पुडा. बस आली. रांग सरकली. यांनी पायरीवर एक पाय ठेवला. आत टोपल्या घेतलेल्या कोळणी बसल्या होत्या. एकीने सरकून जागा केली, म्हणाली, "या ना, बसा."

कंडक्टर ओरडला, "चढताय की उतरताय?"

त्यांनी पाय मागे घेतला. बस गेली. उन्हात पुडा छातीशी धरून ते बसच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.