राष्ट्रपतींना लिहिलेला अर्ज

माझी शाळा सातवीतच सुटली, पण अक्षर चांगलं राहिलं. आखातात, मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात आमच्या खोलीतले सगळे मला 'मास्तर' म्हणायचे. कुणाचा अर्ज, कुणाचा बँकेचा फॉर्म, सगळं माझ्याकडे यायचं आणि मला ते आवडायचं. शिकलेला म्हणवून घ्यायला न शिकलेल्यालाच जास्त आवडतं.

मंदी आली त्या वर्षी आमची बांधकाम कंपनी आठवड्याभरात बंद पडली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. ऑफिसला कुलूप, मालक देशाबाहेर, आणि आमचे पासपोर्ट आतल्या कपाटात. माझा तेवढा वाचला, कारण तो नेमका व्हिसाच्या शिक्क्यासाठी बाहेर गेला होता. त्याच्या जोरावर मला हमरिया फ्री झोनमध्ये पत्र्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. नवी कंपनी जागा देईपर्यंत मी जुन्याच खोलीत झोपत होतो. देवाचे उपकार मानायचो आणि ज्यांचा वाचला नाही त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळायचो. आजही कुणी नुसता पासपोर्ट असा शब्द उच्चारला की माझा हात खिशावर जातो.

शेजारच्या खाटेवर भाई होता. श्रीवर्धनकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सळ्या बांधायचं काम करणारा. गावी त्याच्या अम्मीनं अंथरूण धरलं होतं आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. ती आहे तोवर भाईला घरी पोचायचं होतं.

कॉन्सुलेटची माणसं येऊन सांगून गेली होती, की पासपोर्ट नसलेल्यांना आउटपास मिळेल. आउटपास म्हणजे एकदाच घरी जाण्यापुरता पांढरा कागद. दोन महिन्यांनी पहिली बस विमानतळावर जाणार, नावं द्या. पण आउटपासवर गेलं की परत यायची वाट बंद, असं खोलीत जो तो म्हणत होता. भाईला दोन मुली, दोघी शाळेत. त्यानं नाव दिलं, पण मन तिथे अडलं.

"मास्तर, वरच लिही ना," एका शुक्रवारी तो म्हणाला. "कपाट उघडून पासपोर्ट काढून द्या म्हणावं."

"वर म्हणजे कुणाला? पंतप्रधानांना?"

खालच्या खाटेवरचा सांगलीचा सुतार हसला. "पंतप्रधान म्हंजे मॅनेजर. राष्ट्रपती म्हंजे अरबाब. मॅनेजरला लिहून आजवर काय मिळालं रं तुला? साधं बूट तरी मिळालं का?"

अरबाब म्हणजे मालक. ज्याच्या एका शब्दावर आमचं इथलं राहणं किंवा जाणं ठरायचं, तो. सुताराचं म्हणणं सगळ्यांना पटलं. इथे रमझान आला की शेख कैद्यांना माफी देतात, हुकूम निघतो आणि माणसं बाहेर येतात, हे आम्ही दरवर्षी ऐकत होतो. सगळ्यात वरचा माणूस म्हणजे असाच असणार. आपल्या राष्ट्रपतींचं घर तर म्हणे केवढं मोठं आहे!

मी मराठीतच लिहिलं, दोन पानं. 'महामहिम' शब्दाला तीनदा कागद बदलला. भाईच्या अम्मीचं लिहिलं, कुलपाचं लिहिलं. परतीचा पत्ता म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा पी. ओ. बॉक्स दिला.

उत्तर येईल असं मला मनातून वाटत नव्हतं. पण बस जायच्या आठ दिवस आधी आलं. चांगला जाड लिफाफा, वर तीन सिंहांचा शिक्का. आत हिंदीत तीनच ओळी. उचित कार्रवाईसाठी आपलं पत्र संबंधित मंत्रालयाला 'अग्रेषित' करण्यात आलं आहे. खाली सही.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"अग्रेषित म्हणजे काय रे?" भाईनं विचारलं.

मी तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी मास्तर होतो. अग्र म्हणजे पुढचा, पहिला. अग्रक्रम, अग्रपूजा. मी म्हणालो, "म्हणजे तुला पहिला नंबर दिलाय. मंत्रालयाला सांगितलंय, की याचं काम आधी करा."

"नक्की ना?" सुतार म्हणाला. "बस बुधवारी हाय."

"नक्की."

भाईनं आउटपासच्या यादीतून नाव काढून घेतलं. बुधवारी सुतार गेला, आणखी सातजण गेले. भाईनं त्यांच्या बॅगा बसवर चढवून दिल्या. "यल्ला, पुढे व्हा, मी पासपोर्टवर येतो रुबाबात," असं ओरडून सांगत होता.

महिना गेला. मंत्रालयाकडून काही नाही. आमच्या कारखान्यात खरेदी खात्यात एक पुण्याचे साहेब होते, अल नहदाला कुटुंबासह राहायचे. माझ्याशी मराठीत बोलायचे, तेवढंच बरं वाटायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते पेपर वाचत होते. लोकसभेत आखातातल्या कामगारांवर प्रश्न विचारला गेला, अशी बातमी होती. मी धीर करून विचारलं, "साहेब, राष्ट्रपतींनी अग्रेषित केलं की किती दिवसांत होतं?"

"काय केलं?"

मी खिशातली झेरॉक्स दाखवली. त्यांनी वाचली आणि हसले. वाईट हसले नाहीत. "अहो, अग्रेषित म्हणजे फॉरवर्ड. ई-मेल फॉरवर्ड करतो ना आपण? तसं. पुढे पाठवलंय."

"पण राष्ट्रपतींनीच सांगितल्यावर..."

"राष्ट्रपती सांगत नाहीत हो मंत्र्यांना. उलट आहे. मंत्रिमंडळ सल्ला देतं, त्याप्रमाणे ते सही करतात. कायद्याचंही तसंच. लोकसभा, राज्यसभा, दोन्हीकडे मंजूर झाला तरी त्यांच्या सहीशिवाय कायदा होत नाही. पटला नाही तर एकदा परत पाठवता येतो, पुन्हा विचार करा म्हणून. तोच पुन्हा मंजूर होऊन आला, की सही करावीच लागते."

"मग मंत्र्यांना कोण विचारतं?"

"खासदार. हे काय, छापलंय ना. सभागृहात प्रश्न विचारतात, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. लोकसभेचा विश्वास उडाला तर अख्खं मंत्रिमंडळ घरी."

"म्हणजे साहेब, अरबाब कोण?"

"कुणीच नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. एकाच माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या असल्या की काय होतं, ते तुमच्या जुन्या कंपनीत बघितलंत ना?"

खोटं नव्हतं ते. ऐकताना मला बरंही वाटलं. सातवी शिकलेल्या एका मजुराच्या कागदाला त्या एवढ्या मोठ्या घरानं शिक्का मारून उत्तर दिलं, हे मी अजून विसरलेलो नाही. पण जिथे कुणीच अरबाब नाही तिथे प्रत्येकाला कागद दुसऱ्याकडे पाठवावा लागतो आणि पाठवण्यात दिवस जातात. भाईकडे दिवसच नव्हते.

त्या दिवशी खोलीवर गेल्यावर भाईनं विचारलं, "काही कळलं?"

"प्रोसेस चालू आहे," मी म्हणालो. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. उद्या सांगू म्हणालो. मग परवा. आउटपासची दुसरी बस कधी निघणार ते कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा सांगून तरी काय, असं मनाला समजावत राहिलो.

तीन आठवड्यांनी, दुपारी पाण्याच्या नळावर असताना भाईला गावाहून फोन आला. त्यानं मोबाइल खिशात ठेवला, बादली भरू दिली आणि मग खाली बसला. अम्मी सकाळीच गेली होती. दफन दुपारच्या नमाजनंतर होतं, म्हणजे तोवर झालंही होतं.

दुसरी बस त्यानंतर महिन्याभरानं ठरली. पासपोर्टचं आता त्याला काही नव्हतं. मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर कॉन्सुलेटला गेलो. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं, कागद उलटले आणि म्हणाला, "तुमचं नाव यादीत आधीच आहे. तुमचा अर्ज दिल्लीहून आलाय इथे."

म्हणजे तो फिरत होता. राष्ट्रपतींकडून मंत्रालयात, मंत्रालयातून इथे. कुणीच तो फेकून दिला नव्हता.

भाई वळला. किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा जरा उजळला होता. "बघ मास्तर, अग्रेषित!"

तेव्हा मला राहवलं नाही. बाहेर बाकावर बसून मी त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. केव्हापासून मला माहीत होता, तेही सांगितलं.

"म्हणजे सुताराच्या बसनं गेलो असतो," तो शेवटी म्हणाला, "तर ती जिवंत भेटली असती."

"हो."

आतून त्याचा टोकन नंबर पुकारला. तो उठला आणि पँट झटकली. रागावलेला दिसत नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "अजून दोन यत्ता शिकला असतास रे, तर अम्मीला माती देता आली असती मला."

आणि सही करायला आत गेला.