टॅगमधलं टिंब

आज मी जो काही आहे तो रामवाडीच्या आमच्या कॉम्प्युटरच्या सरांमुळे, आणि घेतलेली वस्तू परत करण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या पेणमध्ये झाला नाही. शेजारणीचं भांडं रिकामं धाडायचं नाही ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. सरांनी ती भांड्यांपुरती ठेवली नव्हती. मागून आणलेली शिडी परत जाताना पायरीला पोह्याच्या पापडांची पिशवी बांधलेली असे. कुणाची फ्लॉपी परत आली की तिच्यात रोह्याच्या गाडीचं वेळापत्रक निघे. "रिकामी कशी द्यायची? बरं दिसत नाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा रोह्याच्या एका कंपनीने मला उमेदवारीवर घेतलं. मालाच्या मागण्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे एकेक माहिती आपापल्या नावाच्या टॅगमध्ये बांधून येत. त्या वाचणारा प्रोग्राम हवा होता. आमच्या घरात महिन्याचा पगार अजून कुणी पाहिला नव्हता. सरांनी निम्मा प्रोग्राम लिहून दिला. तो काही फायली नीट वाचे, काहींवर मेमरीची चूक दाखवून बंद पडे. साहेब म्हणाले, "सोमवारी चाललं तर राहा, नाहीतर दुसरीकडे बघ."

रविवारी सरांच्या क्लासमध्ये आम्ही एकेक ओळ वाचत बसलो. टॅगमधल्या मजकुरापुरती मेमरी, म्हणजे जागा, मशीनकडे मागायची, काम झालं की परत करायची, एवढंच ते होतं. पण परत करण्याआधी सरांनी तिच्यात एक टिंब ठेवलं होतं.

"सर, हे कशाला?"

"मशीनची जागा वापरली ना आपण?"

"पण टॅग रिकामा असला तर आपण जागा घेतच नाही. मग टिंब जातं कुठं?"

सरांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "शेजाऱ्याच्या भातात," ते हळूच म्हणाले.

मी ती ओळ पुसायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "पुसतोस काय रे? जागा घेतली असंल तरच ठेव, असं लिही."

तसं लिहिलं. अडलेल्या फायली सुरळीत चालल्या, आणि सोमवारी साहेबांनी मला ठेवून घेतलं.

पुढे क्लासला मुलं येईनाशी झाली आणि सर मुलीकडे सुरतेला गेले. नोकरीत कायम झालो त्या दिवशी मी त्यांना लिहिलं:

"ती. सरांस सा. न. आजपासून मी कायम झालो. आई विचारते, सरांना जेवायला कधी बोलवायचं. तुम्ही पेण सोडलंत हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. जमलं तर तुम्हीच येऊन सांगा."