मामा 'रोज' म्हणाले होते

मामा गेल्याला दीड महिना झाला. फोन आला तेव्हा नवीन जालन्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एका बाईंचा गुडघा माझ्या हातात होता. तिकडं मामी रडत होती आणि मी विचारत होते, "डॉक्टरनं बघितलं का? नक्की का?" मरणाच्या बातमीलासुद्धा पुरावा मागणारी मी... हा गुण मात्र मामांचाच.

मामा राजूरला मंदिराच्या रस्त्यावर शिवणकाम करायचे. मला पदवीला प्रवेश मिळाला तेव्हा वडील नव्हते, म्हणून कॉलेजात सोबत तेच आले, आणि आले ते चौकशी करायलाच. "रगडायला शिकायचं आन् त्याला साडेचार वर्षं? कुणीतरी फसवून राह्यलंय तुला, माय." तिथल्या सांगाड्यावर त्यांनी बोटानं टकटक केलं. प्लास्टिकचा आहे, असं शिपाई म्हणाला. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा त्यांचाच उजवा खांदा धरला. तागा फळीवरून काढता येईना, सदरा घालायला मामी लागायची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो मी करून दाखवला. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, बोटं चालवत हात वर न्यायचा, अडेल तिथं थांबायचं, उद्या थोडं पुढं. परीक्षेत एका पेशंटची केस मांडायची होती. मी मामांनाच केस केलं. रविवारी जाऊन हात किती वर जातो ते मोजायची. तिसऱ्या महिन्यात तो एकदम बराच वर गेला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पेशंट 'रोज करतो' म्हणाला की निम्मं धरा, असं आमच्या मॅडम सांगायच्या. त्यात मामांच्या खांद्याला तिळाच्या तेलाचा वास! हे गुपचूप हाडवैद्याकडं जातात, याबद्दल मला शंकाच उरली नाही.

"खरं सांगा मामा, कुणाकडून चोळून घेतलं?"

"कुणाकडून न्हाई. तू सांगितलं तेच बराबर करून राह्यलो."

"रोज?"

"रोज."

मी विश्वास ठेवला नाही. परीक्षेत दुसऱ्याच पेशंटची केस मांडली. अंगात मामांनी शिवलेला पांढरा कोट होता. नंतर त्यांनी विचारलं, "माझा खांदा सांगितला का न्हाई त्यांला?" मी नाही म्हणाले. ते सुईत दोरा ओवत राहिले... मग म्हणाले, "बराबर. पक्कं नसंल ते सांगू नये." पुन्हा हा विषय निघाला नाही. चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसले, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

तेराव्यानंतर मामीसोबत दुकान आवरत होते. आडोशाचा पडदा काढला, तर मागच्या निळ्या भिंतीवर शिंप्याच्या खडूच्या आडव्या रेघा. छातीच्या उंचीपासून एकीवर एक, पार डोक्याच्या वर गेलेल्या. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? स्टुलावर चढून काढल्या असतील! लिहायला लाज वाटते, पण आलं.

मामीनं खाली बोट दाखवलं. फरशीवर रंगानं काढलेली दोन पावलं होती. "आधी खडूनं काढायचे, पुसली की जायची. मंग रंग आणला. म्हणले, आपली पोरगी लई संशयी हाय, म्हणंल स्टुलावर चढलो. तिला दाखवू, कुठं उभा राह्यलो ते."

"मग दाखवलं का नाही?"

"तू परत विचारलंच न्हाई, माय."

तेलाचं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. चप्पल काढून मी त्या पावलांत उभी राहिले आणि रडत रडत भिंतीवर बोटं चालवत हात वर नेला. शेवटच्या रेघेसाठी मला टाचा उचलाव्या लागल्या. मामांना लागल्या नसणार. हे मोजून सांगत नाही, त्यांच्या शब्दावर सांगते.