ताटाची डावी बाजू

जळकोटला निजामाच्या अमलात विहीर खोदायची म्हटलं की आधी मन्मथला बोलावणं जायचं. पहार तो हातानं नव्हे, कंबरेनं मारायचा, म्हणून दिवसभर दम टिकायचा. एका विहिरीत वर चाललेल्या टोपल्यातला दगड निसटला आणि त्याच्या डोक्याला उजवीकडे बसला.

जखम भरली. मन्मथ उठला, बोलू लागला, सगळ्यांना ओळखू लागला. पण भाकरी अर्धीच खायचा. डावी अर्धी ताटात तशीच, आणि वर म्हणायचा, "भाकर संपली. भूक हाय." दाढी केली तरी डावा गाल तसाच.

विहिरीला पाणी लागण्याआधी तिथल्या भुतासाठी अर्धी भाकरी ठेवायची रीत होती. त्या विहिरीवर ती ठेवायची राहिली होती. थोरला भाऊ संगप्पा म्हणाला, "भूत ह्याच्या डावीकडं बसून आपला वाटा मागून राहिलंय."

अमावस्येला दुपारी मलप्पा देवऋषी आला. डाव्या कानशिलावर डाग द्यायचा ठरला. चुलीत विळा लाल झाला. संगप्पानं मन्मथचे खांदे दाबून धरले.

"भावजी, आधी जेवू तर द्या त्यांना," मन्मथची बायको कस्तुराबाई म्हणाली.

"हाव, भुतालाबी वाढ," मलप्पा हसला.

मन्मथनं उजवी अर्धी खाल्ली. "संपली."

मलप्पानं विळा बाहेर काढला.

त्याच दिवशी सकाळी डावीकडचा तांब्या कस्तुराबाईनं उचलून उजवीकडे ठेवला, तेव्हा कुठं तो मन्मथला दिसला होता. ते आठवून तिनं आता ताट धरलं आणि फिरवलं.

"अजून होती व्हय? मग आधीच वाढायची की!" मन्मथ चिडला आणि खाऊ लागला.

"भुताचा वाटा ना तो?" तिनं संगप्पाला विचारलं. "मग हे कसे खाऊन राहिले? मार डोक्याला लागलाय, भावजी. डावीकडचं ध्यानच त्या दगडानं नेलं. तिथं लोखंड काय करंल?"

"भूत लई चलाख. सरकलं असंल," मलप्पा म्हणाला.

"मग डाग कुठं देता? ताट फिरंल तसा विळा फिरवणार का?"

विळा काळा पडत चालला. संगप्पाच्या हाताखाली भावाचा खांदा घासागणिक हलत होता. त्यानं हात काढले.

"ठेवा तो विळा, मलप्पा. गवताला लागंल."

मन्मथ विहिरीत पुन्हा उतरला नाही. गावाच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावू लागला. घाव नेमका, खोली सारखी, पण उजव्या अर्ध्यावरच. तेवढं झालं की "झालं" म्हणून छिन्नी ठेवायचा. मग कस्तुराबाई चुलीपासून उठून दगड फिरवायची.

"हे अजून कुणाचं जातं आणलंस?" तो कुरकुरायचा, आणि छिन्नी उचलायचा.