वळणाच्या बाई

वळणाच्या बाई गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटाच्या, पायऱ्या तरण्या मुलीसारख्या भराभर चढत आणि घरी आल्या की चार बोटं उंचीच्या उंबरठ्यापाशी अडून राहत. एक पाय उचलून आत टाकायचा, एवढंच काम. ते होत नसे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागच्या जागी थरथरत. पाहणाऱ्याला ते सोंग वाटे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी ट्रेनिंग संपवून सिन्नरहून नाशकातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, तेव्हा बाई पन्नाशीच्या आसपास होत्या. अक्षराचं वळण शिकवायचं काम त्यांच्याकडे, म्हणून साऱ्या शाळेत त्यांना वळणाच्या बाई म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी सासरहून पत्र पाठवी, तर पाकीट पाहूनच लोक म्हणत, 'ही त्या बाईंची.' विसाव्या वर्षाच्या आत वैधव्य आलेलं. माहेरी जाऊन बसण्याऐवजी त्या शिकल्या, नोकरीला लागल्या आणि नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, तीही विधवाच, आपल्याकडे घेऊन आल्या. पंचवटीत दोन खोल्या होत्या. बाई नणंदेला 'वन्सं' म्हणत, म्हणून आम्हीही वन्संच म्हणू लागलो. वन्संचं सोवळं कडक होतं. शाळेतून आलेल्या बाईंनी पाय धुतल्याशिवाय चुलीकडे बघायचं नाही, इतकं.

दुखणं पहिल्यांदा एका मुलीला दिसलं. दुसरीतली मुलगी पाटी पुढे करून म्हणाली, "बाई, तुमचा कित्ता मुंग्यांसारखा झालाय. ओळ संपेपर्यंत मुंग्या बारीक बारीक होतात." वर्गात हशा पिकला. बाईही हसल्या, पण मधल्या सुट्टीत त्यांनी कपाटातून जुना कित्ता काढला आणि नव्या कित्त्याशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसल्या. मला बोलावून म्हणाल्या, "सुशीला, हे बघ. हे अक्षर माझं नाही."

मग उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरायला लागला. माळ ओढावी तसा. देवळात बायका त्यांना बघून हात जोडत. बाई म्हणत, "जप न करता पुण्य लागतंय. लागू दे."

चेहऱ्याचं प्रकरण मात्र त्यांना जड गेलं. चेहरा हळूहळू हालेनासा झाला. एका मुलीनं सुंदर पुस्ती लिहून आणली, बाईंनी 'छान' म्हटलं आणि मुलगी रडायला लागली. बाई रागावल्या असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं, "मला एक दुखणं झालंय. त्यात चेहरा माझं ऐकत नाही. तेव्हा तुम्ही चेहऱ्याचं ऐकू नका, माझं ऐका. मी हसले की सांगत जाईन." त्या दिवसापासून वर्गात मधूनच बाईंचा सपाट आवाज यायचा, "हसले." आणि चाळीस मुली खिदळायच्या. मला वाटतं, त्या वर्गात झाल्या तितक्या हसण्याच्या नोंदी दुसऱ्या कुठल्या बाईंच्या नशिबी आल्या नसतील.

डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं, पार्किन्सन. बाई म्हणाल्या, "साहेबाच्या नावाचं दुखणं. आपल्याला कसं मानवणार?" डॉक्टरांनी थेंब दिले. हाताचा कंप जरा कमी झाला, पण तोंडाला कोरड पडू लागली. पंचवटीतल्या वैद्यबुवांनी कंपवात म्हटलं आणि खाजकुइलीच्या बियांचं औषध स्वतः शुद्ध करून दुधातून द्यायला सुरुवात केली. बाईंनी एकाचं औषध दुसऱ्यापासून लपवलं नाही. डॉक्टर कपाळाला आठ्या घालत, वैद्यबुवा मान हलवत. पण बाई ठामपणे सांगत, "औषधं देणारे दोघे असाल, पण अंग माझं एकच आहे. दोघांनाही सगळं ठाऊक पाहिजे." शेवटी दोघे एकमेकांना चिठ्ठ्या पाठवू लागले.

वैद्यबुवा गोड बोलणारे नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे जाणार नाही. पण घरात आलेल्या पाहुण्याला घराचा मालक होऊ द्यायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे."

बाईंनी ते मनावर घेतलं. "मेंदू काय वेगळ्या बिऱ्हाडात राहतो?" त्या विचारत. "पोट साफ नाही, झोप नाही, चार माणसांशी बोलणं नाही, तर तो एकटा काय करील बिचारा?" म्हणून भिजवलेले अंजीर आणि मनुका, भाकरीबरोबर भरपूर पालेभाजी, दुपारी अर्धा तास आडवं होणं आणि सकाळी गंगेवर चालणं, यात खंड पडत नसे. आवाज बसत चालला होता, म्हणून पाण्याकडे तोंड करून त्या मोठ्यानं स्तोत्रं म्हणत. मधल्या सुट्टीत मुलींबरोबर सागरगोटे खेळत. सुरुवातीला एकही झेलता येत नसे. मुली दयेनं त्यांना पुन्हा डाव देऊ लागल्या, तर म्हणाल्या, "हरू द्या मला. हात त्यामुळेच चिडून काम करतो."

त्या अडल्या की काय करायचं, ते मी चुकून शिकले. एकदा उंबरठ्यापाशी त्या थांबल्या असताना मी घाईनं दंड धरून ओढलं. वरचं अंग पुढे आलं, पाय मागेच राहिले. बाई पडल्या आणि मनगट सुजलं. मी रडायला लागले. त्या जमिनीवर बसूनच म्हणाल्या, "रडू नकोस. आधी नीट ऐक. ओढायचं नाही. माझ्यापुढे उभी राहा, तुझं पाऊल आडवं ठेव आणि एक-दोन म्हण. मला ओलांडायला काहीतरी लागतं. पायऱ्या ओलांडता येतात, उंबरठ्याच्या अलीकडची सपाट जमीन ओलांडता येत नाही." मी तसं केलं. माझं पाऊल ओलांडून त्या सरळ आत गेल्या. त्यानंतर वन्संनी खडूनं घरभर आडव्या रेघा काढल्या. शेजारणी विचारत, ही कसली रांगोळी?

ते सत्याग्रहाचे दिवस होते. सकाळी प्रभातफेऱ्या निघत. एकदा बोळात अडलेल्या असताना मागून गाणं आलं आणि बाई ठेक्यात चालू लागल्या. पुढे त्यांनी फेरीची वेळच धरली. आमची शाळा सरकारी मदतीवर चालायची, म्हणून त्या फेरीच्या चार हात मागून चालत. कुणी विचारलं तर सांगत, "मी फेरीत नाही. मी माझ्या पायांच्या मागे आहे."

आणि मग शाळेची सरकारी तपासणी आली. साहेब वर्गात शिरले तेव्हा बाई फळ्यावर लिहीत होत्या. घाईनं आणि भीतीनं हात इतका हलला की खडू तुटला. साहेबांनी विचारलं, "वळण शिकवायला याच आहेत?" आवाजात दुष्टपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. बाईंचा चेहरा तसाच. पुढच्या सत्रापासून वळणाचा तास माझ्याकडे आला आणि बाईंना सेवेतून मोकळं केलं. मी नको म्हणायला हवं होतं का? तेव्हा म्हटलं नाही. बाईंनी माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही, त्यामुळे ते अजून टोचतं.

त्या अंथरुणाला लागल्या. आठ दिवस, पंधरा दिवस. गंगेवर जाणं थांबलं. औषध उशाशी तसंच पडून राही. मी गेले की भिंतीकडे तोंड करून म्हणत, "सगळं केलं, सुशीला. काय उपयोग झाला?" वैद्यबुवा येऊन नाडी बघून गेले. दारात मला म्हणाले, "हेही त्याच दुखण्याचं आहे, मन खचणं. आळस समजू नका. पण याची पुडी माझ्याकडे नाही."

उपाय वन्संनी काढला. वन्संना अक्षरओळख नव्हती. बायकांनी शिकल्यानं घराला काय काय होतं, ते त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. त्या दिवशी मी तिथेच बसले होते. वन्सं बाहेरून आल्या, पदराखालून एक नवी कोरी पाटी काढली आणि बाईंच्या अंथरुणावर ठेवली.

"मला नाव लिहायला शिकव."

बाई वळून बघायला तयार नव्हत्या. "या वयात काय करायचंय तुम्हाला नाव?"

"माझं नाही. दादाचं." वन्सं म्हणाल्या. दादा म्हणजे बाईंचे यजमान; वन्संहून धाकटे, पण घरात त्यांना सगळेच दादा म्हणत. "तीस वर्षं त्याच्या श्राद्धाचा स्वयंपाक करते. त्याचं नाव कसं दिसतं, मला माहीत नाही."

बाईंना उठून बसायला किती वेळ लागला, ते मी सांगत नाही. आम्हा दोघींपैकी कुणीही हात दिला नाही. पाटीवरचं अक्षर पुन्हा मुंगी होऊ लागलं, तेव्हा बाईंनी पाटी बाजूला सारली, ओलं फडकं घेतलं आणि जमिनीवर हातभर उंचीचं अक्षर काढलं. खांद्यापासून हात फिरवून. ते अक्षर हललं नाही. बारीकही झालं नाही. जुन्या कित्त्यातलं होतं तसंच, फक्त प्रचंड. वन्सं त्याच्याभोवती फिरून बघत राहिल्या. बाई म्हणाल्या, "हसले." मग दोघीही रडल्या.

त्या महिनाभरात शेजारच्या पाच-सहा बायका दुपारच्या यायला लागल्या. कामं आवरून, पोरं झोपवून. जमिनीवर फडक्यानं अक्षर काढायचं, वाळेपर्यंत गिरवायचं. बाई वाकून वाकून लिहीत, मोठ्यानं सांगत, अडल्या की कुणीतरी पाऊल आडवं ठेवी. दुखणं गेलं नाही. पण चार वर्षं त्या खोलीत त्या मालक होत्या.

नंतर माझी बदली दिंडोरीला झाली. सर्व्हिस मोटारीनं सुट्टीत येई. दरवेळी बाई थोड्या थोड्या कमी झालेल्या दिसत. पाण्यानं ठसका लागे म्हणून वन्सं दाट पेज करून देत, आणि बाई चमचा स्वतःच्या हातानं धरत. अर्धी पेज पदरावर सांडे. वन्सं ती पुसून घेत. शेवटच्या भेटीत बाईंचा आवाज तोंडाशी कान लावल्याशिवाय कळत नव्हता. मला म्हणाल्या, "वळणाचा तास घाईनं घेत जाऊ नकोस. तुझी ती खोड आहे." श्रावणात छातीत कफ झाला आणि त्या गेल्या. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता.

दिवाळीच्या सुट्टीत पंचवटीत गेले, तर वन्सं घरी नव्हत्या. दारात बसून राहिले. दुपारी त्या आल्या, नेहमीसारख्या ताठ. विचारलं, कुठे गेला होतात?

"भद्रकालीत. रहीम शिंप्याकडे." वैद्यबुवांनी निरोप पाठवला होता. त्या शिंप्यालाही तेच दुखणं. हात गेला होता, आता पायही अडत होते. घरच्यांना काय करावं ते कळेना. "त्याच्या अंगणात रेघा काढून दिल्या. त्याच्या बायकोला दाखवलं, पुढे उभं कसं राहायचं, कसं मोजायचं."

मी विचारलं, "वन्सं, आणि तुमचं सोवळं?"

"घरी येऊन आंघोळ करते." मग पायांवर पाणी घेत म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. तिला जमेपर्यंत जायचं, असं ठरलं होतं."

"मग? जमायला लागलं का तिला?"

"केव्हाच." वन्संनी तांब्या खाली ठेवला. "तरी जाते."